दुसरी डिस्क खराब

माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की बाईने उगाच आवाज चढवला. गिऱ्हाईक कागद पुढे करतं, 'दोन्ही बाजू काढा' असं सांगत नाही, आणि एकच बाजू आली की माझ्याकडे असं बघतं की चूक माझीच. एकोणीस वर्षं हे केल्यावर कोण गोड राहील?

त्या गुरुवारी दुपारी ताई दुकानात आली ती थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडून. ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी, सत्तावन्नची. शाळेत चित्रकला शिकवायची, दोन वर्षांपूर्वी सोडावी लागली. तिच्या डोळ्यांत कडेकडून अंधार चढत येतो. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. दारातल्या लॅमिनेशनच्या टेबलावर तिची मांडी आपटली, ती "काही नाही, काही नाही" म्हणाली आणि तपासणीचा कागद माझ्या हातात दिला. विम्यासाठी तिच्या सगळ्या कागदांच्या प्रती मीच काढते. दर सहा महिन्यांनी त्यावर एक गोल छापून येतो. काळं म्हणजे गेलेलं, पांढरं म्हणजे उरलेलं. पहिल्या वर्षी पांढरं बशीएवढं होतं. त्या दिवशीच्या कागदावर ते बाटलीच्या झाकणाएवढं होतं. मी मशीनचं झाकण उघडून कागद सरळ करत बसले.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"म्हणाले, जे बघायचंय ते बघून घ्या. वर्षभर म्हणतात. तेवढंही नसेल."

"मग चल. समुद्र बघायचाय? डोंगर? आत्ता शटर ओढते."

"समुद्र बघितलाय मी," ताई म्हणाली. "मला माझं शेवटचं चित्र बघायचंय."

ती कशाबद्दल बोलतेय ते मला लगेच कळलं.

चौतीस वर्षांपूर्वी ताईने एका कॉम्प्युटर गेमची चित्रं काढली होती. रंगाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत पाच जणांची कंपनी, त्यात चित्रकार ही एकटी. चौकटीच्या कागदावर एकेक ठिपका रंगवायचा आणि मग तो मोजून कॉम्प्युटरमध्ये घालायचा. रंग मिळून सोळा. गेमचं नाव 'शेवटचं टपाल'. सायकलवरचा पोस्टमन गल्लीबोळातून पत्रं टाकत जातो आणि कुत्री त्याच्या पोटरीला लागतात. शेवटचं पत्र पोचलं की तो टेकडीवर चढतो आणि तिथून सगळं गाव दिसतं. ते गावाचं चित्र म्हणजे ताईचं शेवटचं चित्र. गेम बाजारात यायच्या महिनाभर आधी ताई त्या कंपनीतून बाहेर पडली. साहेबाने काढलं, असं आमच्या घरात सगळ्यांना माहीत. वर्षभराने कंपनी बुडाली तेव्हा आईने "बरं झालं" म्हटलं आणि विषय मिटला. ताईने तयार झालेला गेम कधी पाहिलाच नाही.

तो मी शोधून काढला होता, बारा वर्षांपूर्वी. म्हणजे मला तसं वाटत होतं.

आता माझ्या या नादाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ज्या गेमच्या कंपन्या बुडाल्या, ज्यांचा कुणी वाली उरला नाही, असे जुने गेम गोळा करून जपून ठेवणारी आम्हा पाच जणांची टोळी आहे. तिघं इतर देशांतली, त्यांची तोंडंही मी पाहिलेली नाहीत. चौथे मास्तर. गणित शिकवायचे, आता निवृत्त, फोनवर भेटतात आणि प्रत्येक वाक्य 'अहो बाई'ने सुरू करतात. पाचवी मी. टोळीत मला झाडूवाली म्हणतात, कारण माझं काम झाडण्याचं. एकच गेम दहा जण पाठवतात. त्यातला एक नीट चालणारा ठेवायचा, बाकी काढून टाकायचे. काढलेल्या प्रत्येकाची नोंद मी वहीत करते, कारणासकट. माझ्या या शिस्तीचा मला भारी अभिमान होता.

आणि टोळीचा एकच नियम आहे, तो मीच घालून दिलेला. जे आलं ते जसंच्या तसं ठेवायचं. एक बाइटसुद्धा बदलायचा नाही. रंग घाणेरडे असोत, शुद्धलेखन चुकलेलं असो, हात लावायचा नाही. आपण जपणारे आहोत, सुधारणारे नाही. यावरून मी लोकांशी तासन्‌तास भांडलेली आहे.

तर बारा वर्षांपूर्वी 'शेवटचं टपाल' मिळालं, मी ते शेवटपर्यंत खेळले. शेवटचं पत्र टाकलं, पडदा काळा झाला, 'समाप्त' असं आलं आणि गेम पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. टेकडी नाही की गाव नाही. मी ताईला फोन करून सांगितलं, "तुझं चित्र त्यांनी घेतलंच नाही गं." ताई "बरं" म्हणाली. त्यानंतर बारा वर्षांत तिने विषय काढला नव्हता.

"पण ते नाहीये त्यात," मी आता दुकानात म्हटलं. "मी सांगितलं होतं तुला."

"आहे. मी स्वतः ते पडद्यावर उमटलेलं पाहिलंय. माझ्या डोळ्यांदेखत गेममध्ये घातलं होतं. मग गेलं कुठे?"

मी मास्तरांना फोन लावला.

"अहो बाई," मास्तर म्हणाले, "तुमच्याकडची प्रत किती डिस्कची?"

"एक."

"जाहिरातीत दोन लिहिलंय. माझ्याकडे जुनं मासिक आहे, बघून सांगतो... हो, दोन. तुमची प्रत कुणीतरी कापलेली आहे. तेव्हा पोरं हेच करायची. कुलूप तोडायचं, आणि एका डिस्कवर मावावं म्हणून जड चित्रं छाटून टाकायची. सगळीकडे हीच फिरते. पूर्ण प्रत आपल्याकडे कधी आली नव्हती का?"

मी वही काढली. बारा वर्षांपूर्वीचं पान. माझंच अक्षर, पट्टीने आखलेल्या ओळी. 'शेवटचं टपाल. दोन डिस्कवाली प्रत, पाठवणारा नळवाला. दुसरी डिस्क खराब, ट्रॅक ३९ वाचता येत नाही. एका डिस्कची चांगली प्रत आहे. ही काढून टाकली.'

मी ते मास्तरांना वाचून दाखवलं.

"अहो बाई," ते हळूच म्हणाले, "ती खराब नव्हती. ते कुलूप होतं. कंपनी स्वतःच डिस्कवर मुद्दाम एक डाग पाडायची. गेम सुरू होताना तो डाग शोधायचा. सापडला तर माल असली, नाही सापडला तर कॉपी. त्या नळवाल्याने डागासकट तंतोतंत उतरवून पाठवली होती. तशी प्रत शंभरात एखादी मिळते."

"म्हणजे मी असली फेकली आणि चोरीची ठेवली."

"तसंच म्हणावं लागेल."

जगात दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी त्याला उभा सोलला असता. ताई समोर स्टुलावर बसून सगळं ऐकत होती. मला वाटलं रागावेल, मला ते चाललं असतं. ती म्हणाली, "मग त्या नळवाल्याकडे असेल ना अजून?"

नळवाला म्हणजे खरोखरचा नळ दुरुस्त करणारा, एवढंच आम्हाला माहीत होतं. त्याच्या पत्त्यावर मेल पाठवली, ती दोन मिनिटांत परत आली, असा पत्ताच नाही. मास्तरांनी मात्र अर्ध्या तासात त्याचं जुनं पान शोधलं. कुठल्याशा इंटरनेट कंपनीने तेव्हा फुकट जागा दिली होती, त्यावर त्याने आपला सगळा साठा चढवून ठेवला होता. सहाशे बारा फाइली. आणि पानाच्या डोक्यावर कंपनीची लाल पट्टी: ही सेवा रविवारी दुपारी बारा वाजता कायमची बंद होत आहे.

"गुरुवार आहे आज," मी म्हटलं. "एकच फाइल तर हवीय. दहा मिनिटांचं काम."

"नावं बघा," मास्तर म्हणाले.

नावं नव्हतीच. ००१, ००२, ००३, अशी सहाशे बारापर्यंत. कुठल्या आकड्यात कुठला गेम, हे त्या बाबाच्या घरच्या वहीत असणार, आणि तो बाबा कुठे आहे देव जाणे. तारखा सगळ्या एकच. म्हणजे एकच मार्ग उरला, सगळ्या उतरवायच्या आणि उघडून बघायच्या. त्यात तो सर्व्हर म्हाताऱ्या बैलाच्या चालीने चालणारा. एका माणसाला एका वेळी एकच फाइल द्यायचा, तिला पंधरा-वीस मिनिटं लागायची, आणि मध्येच तुटली की पुन्हा पहिल्यापासून.

"पाच जणांत वाटून घेऊ," मी म्हटलं. "प्रत्येकी सव्वाशेच्या आसपास. शेवटचा वाटा माझा. चारशे नव्वद ते सहाशे बारा."

"जमेल?"

"मास्तर, गणित तुमचं आहे. जमवायचं काम माझं."

घरी जाऊन मी यांना सांगितलं. आमचे हे बस डेपोत मेकॅनिक आहेत, फार बोलत नाहीत. ऐकून घेतलं, डेपोत फोन करून तीन दिवसांची रजा टाकली आणि म्हणाले, "दुकानात मी बसतो. दोन्ही बाजू कशा काढायच्या तेवढं दाखव." लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण त्या क्षणी हा माणूस मला जितका आवडला तितका त्याआधी कधी आवडला नव्हता.

दुकानाच्या मागच्या खोलीतला कॉम्प्युटर मी कामाला लावला. एकामागून एक फाइल आपोआप उतरेल अशी व्यवस्था केली आणि घरी जाऊन झोपले. शुक्रवारी सकाळी येऊन बघते तर एकेचाळीस फाइली उतरलेल्या! मी एवढी खूश झाले की यांच्या पाठीत थाप मारली. मग पहिली उघडली. उघडेना. दुसरी उघडेना. मग लक्षात आलं, सगळ्यांचा आकार एकच, आणि तोही इवलासा. सर्व्हरने गर्दी झाली म्हणून 'कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा' असं पान पाठवलं होतं, आणि माझ्या शहाण्या मशीनने तेच पान एकेचाळीस वेळा, एकेचाळीस आकड्यांनी, नीट जपून ठेवलं होतं.

डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू! एक अख्खी रात्र पाण्यात. बाहेर हे गिऱ्हाइकाला उलटा कागद काढून देत होते आणि आत मी सर्व्हरला, नळवाल्याला आणि स्वतःला अस्सल शिव्या घालत होते. एक बाई काउंटरवरून डोकावून म्हणाली, "आत कुणाला काही झालंय का?" हे म्हणाले, "नाही, त्या काम करतायत."

मग मी आपोआपचा नाद सोडला. खुर्ची ओढली, समोर बसले, प्रत्येक फाइल हाताने सुरू केली, आकार बघितला, तुटली की पुन्हा लावली. हट्टाला पेटले म्हणा. शुक्रवार संध्याकाळपर्यंत अठरा. शनिवारी दुपारी एक्कावन्न. उतरलेली प्रत्येक फाइल लगेच उघडून बघत होते. बुद्धिबळ, मोटारी, अवकाशयानं, एक मासेमारीचा गेम ज्यात मासाच दिसत नव्हता. बाकीचे चौघेही तेच करत होते. दर तासाला निरोप यायचा, 'नाही', 'नाही', 'अजून नाही'.

ताई शनिवारी दिवसभर माझ्याजवळ बसून होती. तिने एकदाही विचारलं नाही. मीच शेवटी म्हटलं, "तुला माझा राग नाही येत?"

"कशाचा?"

"मी फेकलं ते."

"तू फेकलंस ते तुला खराब दिसलं म्हणून," ती म्हणाली. "येतो गं राग. पण आत्ता तू उठशील म्हणून गप्प बसलेय. कामाला लाग."

मी कामाला लागले.

रविवारी सकाळी सर्व्हर आणखी रडायला लागला. बंद होणार हे इतरांनाही कळलं असणार, जो तो आपापलं काढून घ्यायला धावत होता. तिघांचे वाटे संपले होते, मास्तरांच्या चार राहिल्या होत्या, माझ्या अजून पंचवीस. तिघांनी माझ्यातल्या वाटून घेतल्या. साडेअकरा वाजून गेले. मी पाचशे सत्याऐंशी उघडली. आत दोन डिस्क. पहिली नीट वाचली गेली. दुसरी सुरू केली, आकडे सरकत गेले, छत्तीस, सदतीस, अडतीस, आणि पडद्यावर लाल अक्षरं आली: ट्रॅक ३९, वाचता येत नाही.

"खराब आहे!" मी अशी किंचाळले की हे हातातला कागदाचा गठ्ठा टाकून आत धावले. "खराब आहे हो! ताई, दुसरी डिस्क खराब आहे!"

ताईने दोन्ही हातांनी माझे दंड धरले. मास्तरांना फोन लावला तर त्यांना बोलताच येईना, नुसतं "अहो बाई, अहो बाई" चाललेलं.

"मिळालं ना?" हे म्हणाले. "मग आता ऊठ. तीन दिवस कंबर मोडून घेतलीस."

घड्याळात अकरा अडतीस. सात फाइली राहिल्या होत्या.

"त्या सातांत कुणाची तरी ताई असेलच की," मी म्हटलं आणि पुढची लावली. बारा वाजेपर्यंत चार उतरल्या. मग पान गेलं. तीन राहिल्या: एकशे सहा, पाचशे नव्व्याण्णव आणि सहाशे चार. त्यांत काय होतं ते आता कुणालाच कळणार नाही, आणि मला ते अजून खुपतं.

जेवणं झाल्यावर ताईला मी समोर बसवलं. मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे गेमला डागासकटची डिस्क दिली आणि तो मुकाट सुरू झाला. मी मोठ्या प्रेमाने तो पूर्ण पडद्यावर लावला. दुकानातला पडदा चांगला हातभर रुंद आहे. पोस्टमन सायकलवरून निघाला. ताई मान डावीकडे नेई, उजवीकडे नेई, वर करी.

"काय दिसतंय?"

"एक चाक," ती म्हणाली. "आता भिंत. आता... काहीतरी तपकिरी."

चित्र तिच्या डोळ्यांत मावतच नव्हतं. किल्लीच्या भोकातून अख्खी खोली बघावी तसं तिचं चाललं होतं. मला रडूच फुटायला आलं. एवढं केलं आणि आता हे! मी चष्मा शोधते, भिंग शोधते, पडदा आणखी जवळ आणते, तोवर आमचे हे मागून म्हणाले, "अगं, लहान कर की."

"लहान?"

"तिला मधलंच दिसतं ना? मग मधल्यात बसेल एवढं कर."

मी गेम त्याच्या मूळ मापावर आणला. एवढ्या मोठ्या पडद्याच्या मध्यावर तळहाताएवढी चौकट उरली. ताईची मान हलायची थांबली. ती पुढे झुकली.

"पोस्टमन," ती म्हणाली. "टोपी लालच ठेवली का. आणि ही गल्ली... ही मी आपल्या जुन्या घराच्या मागची काढली होती. दिसतंय मला. सगळं एकदम दिसतंय."

मग मी खेळायला लागले. कुत्र्यांनी मला नऊ वेळा लोळवलं. ताई शेजारून ओरडत होती, "डावीकडे! अगं डावीकडे! तुला सायकल कधीच आली नाही!" दीड तासाने शेवटचं पत्र दारात पडलं. पडदा काळा झाला. मग पोस्टमन टेकडी चढायला लागला, वर पोचला, आणि गाव उमटलं.

काय सांगू! डावीकडे घरंच घरं, कौलं, जिने, वाळत घातलेले कपडे, खिडक्यांत पिवळा उजेड. सोळा रंगांत एवढं कुणी करू शकतं यावर माझा विश्वास बसेना, आणि मी हजारो गेम पाहिलेत. पण निम्म्या चित्रावर ते सगळं थांबत होतं. उजवीकडे नुसत्या पांढऱ्या रेघा. घरांचे सांगाडे. आत काही नाही, मागे सपाट काळं-निळं.

"मेल्याने अर्धंच घातलं!" माझा स्फोट झाला. "तुला काढलं आणि वर चित्रही अर्धवट छापलं! कुठे असेल तो आता? जिवंत असेल तर—"

"त्याने नाही," ताई म्हणाली. "मी."

"काय मी?"

"मी अर्धवट टाकलं. मला कुणी काढलं नव्हतं." ती अजून पडद्याकडेच बघत होती. "मी पंधरा दिवस मागितले, तो म्हणाला चार. मी म्हटलं, माझी किंमत नसेल तर घाल चुलीत. कागद तिथेच टाकून निघून आले. तो दोनदा घरी आला बोलवायला. दुसऱ्या वेळी म्हणाला, आठ घे, दहा घे. मी खोलीतून बाहेर आलेच नाही. आईला सांगितलं, यांनी मला काढलंय. आईने त्याला जिन्यातूनच हाकललं. मग ते खरं नाही हे सांगायला फार उशीर झाला, आणि मग चौतीस वर्षं झाली."

तोवर खाली अक्षरं सरकायला लागली. गेम बनवणाऱ्यांची नावं. आणि त्यात 'चित्रं' असं लिहून पुढे ताईचं नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. एकटीचंच.

ताईला ते वाचायला वेळ लागला. मग ती घळाघळा रडली. "मला वाटायचं, त्याने कुणाकडून तरी पुरं करून घेतलं असेल," ती म्हणाली. "तेच बघायचं होतं मला. कुणाच्या हातचं आहे ते. नाही घेतलं गं त्याने. तसंच सोडलं."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. पाच मिनिटांनी तिने पदराने तोंड पुसलं, खुर्ची पुढे ओढली आणि शाळेत पोरांना म्हणायची त्या आवाजात म्हणाली, "ह्याच्यात काढायला कसं जायचं ते दाखव."

"कशात?"

"चित्रात. उजवी बाजू राहिलीय. बेचाळीस घरं आहेत."

"ताई, ते नाही करता येणार. ती असली प्रत आहे. एक बाइट बदलला तरी—"

"माझं चित्र आहे."

"अगं पण नियम आहे!"

"कुणाचा?"

"माझा!"

ताईने मान वळवून मला त्या झाकणाएवढ्या पांढऱ्यात बरोबर धरलं. "तू माझं एकदा फेकून दिलंस," ती म्हणाली. "मी एकदा टाकून आले. आता तिसऱ्यांदा ते असंच ठेवायचं म्हणतेस?"

आमचे हे मागच्या मागे दुकानात निघून गेले. बारा वर्षं ज्यावरून मी जगाशी भांडले, तो नियम मी फोनवर मास्तरांपुढे ठेवला. ते म्हणाले, "अहो बाई, असली आहे तशी ठेवा. तिच्या शेजारी दुसरी ठेवा, आजच्या तारखेची, चित्रकाराच्या हातची. नियम तुमचाच आहे, तुम्हीच काय ते ठरवा." मी ठरवलं.

तेव्हापासून ताई रोज दुपारी दोनला येते. चौकट तेवढीच, तळहाताएवढी. मी एकेक घर मोठं न करता मध्यावर आणून देते आणि ती बाणाच्या बटणांनी ठिपके टाकते. एका खिडकीला चार ठिपके. दिवसाला एक घर होतं, कधी डोळे दुखले तर अर्धंच. परवा तिने मला उरलेल्या सगळ्या घरांचे रंग सांगून ठेवले, भिंत कुठली, कौल कुठलं, उजेड कुठल्या खिडकीत. "पुढेमागे मला दिसेनासं झालं तर तू भर," म्हणाली. मी सगळं लिहून घेतलं, एकही ठिपका न गाळता, आणि मग तिला स्पष्ट सांगितलं की मी काही भरणार नाही. तू यायचंस आणि तूच भरायचंस.

ती म्हणाली, "आणि नाहीच दिसलं तर?"

"तर तुझा हात धरून भरीन," मी म्हटलं. "पण हात तुझाच असेल."

काल तेविसावं घर झालं.